बॅटरीची नाडी

वीज गेली तरी पंखा फिरत राहिला, शेजारी अंधार आणि आपल्याकडे दिवा, याचं पहिले काही महिने घरात कौतुक असतं. मग इन्व्हर्टर अंगवळणी पडतो आणि त्याची बॅटरी जिन्याखाली नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात विसरली जाते. दोन-अडीच वर्षांनी एखाद्या पावसाळी रात्री वीज जाते, घरातल्या आजारी माणसाला नेब्युलायझर लावायचा असतो, आणि दहा मिनिटांत सगळं बंद पडतं. दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगतो, ‘बॅटरी गेली, नवीन घ्या.’ बारा-पंधरा हजारांचा फटका बसतो आणि आपण म्हणतो, ‘परवापर्यंत तर चांगली चालत होती!’

खरं म्हणजे बॅटरी एका रात्रीत जात नाही. ती दोन वर्षं हळूहळू जात असते आणि तसं सांगतही असते. फक्त तिचं सांगणं व्होल्टेजच्या भाषेत असतं. वैद्याने मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहावी, तसं व्होल्टेज पाहून बॅटरीची प्रकृती कळते. ही नाडीपरीक्षा अवघड नाही. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि थोडी समज एवढ्यावर पाच-सहा वर्षं चालू शकणारी बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाण्यापासून वाचते.

टाकी नव्हे, रसायनांचा कारखाना

बॅटरी म्हणजे विजेची टाकी, अशी आपली समजूत असते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवावं तशी वीज भरायची आणि लागेल तशी काढायची. पण बॅटरीत वीज साठवलेली नसतेच. तिच्यात रसायनं असतात आणि त्यांच्या बदलातून वीज निर्माण होते.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. त्यांच्याच नावावरून ‘व्होल्ट’ हे एकक आलं. ती बॅटरी एकदा संपली की संपली. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी तयार केली आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी प्लेटांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढून ती कारखान्यात करण्याजोगी केली. आज आपल्या जिन्याखाली असलेली बॅटरी ही त्याच घराण्यातली.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एका बाजूला तपकिरी रंगाच्या लेड डायऑक्साइडची प्लेट, दुसऱ्या बाजूला करड्या, सच्छिद्र शिशाची प्लेट आणि मध्ये पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. आपण दिवा लावतो तेव्हा आम्लातला सल्फेटचा भाग दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो, तिथे लेड सल्फेट तयार होतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्जिंग करताना हेच उलटं घडतं. प्लेटांवरचं सल्फेट सुटून पुन्हा आम्लात येतं आणि आम्ल घट्ट होतं.

एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बॅटरी भरलेली म्हणजे आम्ल घट्ट, बॅटरी उतरलेली म्हणजे आम्ल पातळ. आणि आम्लाच्या घट्टपणावर व्होल्टेज अवलंबून असतं. त्याचं एक सोपं गणित आहे. आम्लाचं विशिष्ट गुरुत्व घ्या, त्यात ०.८४ मिळवा, की एका कप्प्याचं व्होल्टेज आलं. मोटारीच्या भरलेल्या बॅटरीत हे गुरुत्व साधारण १.२८ असतं. म्हणजे कप्प्याला २.१२ व्होल्ट आणि सहा कप्प्यांचे मिळून १२.७. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत आम्ल मुद्दाम थोडं सौम्य, बहुधा १.२४च्या आसपास ठेवलेलं असतं. तिथे बेरीज साडेबारा व्होल्ट येते. त्यामुळे ‘माझ्या बॅटरीत साडेबाराच का दाखवतात?’ म्हणून घाबरून जायचं कारण नाही. आपल्या बॅटरीवर कंपनीने कोणतं गुरुत्व छापलं आहे ते पाहावं आणि आपला पूर्ण भरलेला आकडा त्यावरून काढावा.

अर्ध्या व्होल्टचा खेळ

आता हे आकडे वाचायचे कसे? मोटारीच्या बॅटरीचं उदाहरण घेऊ. स्वस्थ पडून असलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. पुष्कळांना वाटतं, ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, मग ठीकच आहे.’ ठीक नाही. बारा दाखवणारी बॅटरी तीन-चतुर्थांश रिकामी झालेली असते. पूर्ण भरलेली आणि निम्मी यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. म्हणून हे काम काट्याच्या जुन्या मीटरचं नाही, दशांश चिन्हापुढचे दोन आकडे दाखवणाऱ्या डिजिटल मीटरचं आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल तार अधिक टर्मिनलला, काळी उणे टर्मिनलला, एवढंच.

पण आकडा कोणत्या वेळी घेतला याला फार महत्त्व आहे. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी पाहून त्याला ताप आहे असं वैद्य म्हणत नाही. बॅटरीचंही तसंच. चार्जिंग चालू असताना मीटर १४ दाखवील. तो चार्जरचा आकडा, बॅटरीचा नव्हे. चार्जिंग नुकतंच बंद केलं तर १३ दिसेल. तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा वरवरचा भार, दोन-चार तासांत उतरणारा. पंखे-दिवे चालू असताना ११.८ दिसले तर बॅटरी संपली असंही नाही, कारण ओझ्याखाली व्होल्टेज वाकतंच. ओझं काढलं की ते पुन्हा वर येतं. बरेचसे इन्व्हर्टर ओझ्याखाली साडेदहा व्होल्टच्या सुमाराला स्वतःहून बंद होतात ते बॅटरी पार कोरडी पडू नये म्हणून.

खरी नाडी मिळते ती विश्रांतीत. चार्जिंग नाही, वापर नाही, अशा अवस्थेत चारेक तास गेल्यावर घेतलेला आकडा विश्वासाचा. त्यासाठी आधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करावा, मग त्याला येणारी वीज बंद करावी आणि नंतर थांबावं. रविवारी दुपारच्या जेवणाआधी बंद करून संध्याकाळच्या चहाला आकडा पाहिला तरी पुरे.

एक आकडा मात्र ओळखून ठेवा. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी विश्रांतीनंतर साडेदहाच्या आसपासच दाखवत असेल, तर बहुधा सहांपैकी एक कप्पा आतून मिटला आहे. १२.६ मधून एका कप्प्याचे २.१ वजा करा, बरोबर साडेदहा उरतात. अशी बॅटरी चार्जिंगने सुधारत नाही. खात्री करायची तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाचं गुरुत्व पाहता येतं. पाच कप्पे १.२४ आणि एक १.१५ असेल तर दोष कुठे आहे ते सांगायला जाणकार लागत नाही.

पोतं भरण्याची रीत

धान्याचं पोतं भरताना आधी पाट्यांवर पाट्या ओतल्या जातात. पोतं तोंडाशी आलं की मात्र ते हलवून, आपटून, मुठी-मुठीने भरावं लागतं. बॅटरीचं चार्जिंग असंच टप्प्याटप्प्याने होतं. पहिल्या टप्प्यात चार्जर आपल्या पूर्ण ताकदीने प्रवाह देतो आणि व्होल्टेज हळूहळू चढतं. ते १४.४च्या सुमाराला पोचलं की दुसरा टप्पा. व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि प्रवाह कमी कमी होऊ द्यायचा. बॅटरी तृप्त झाली की तिसरा टप्पा. व्होल्टेज साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान उतरवून नुसती निगराणी ठेवायची.

खरी गफलत होते ती दुसऱ्या टप्प्यात. १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल तर ७५ परत भरायचे. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर कागदावर पाच तास होतात. प्रत्यक्षात शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो आणि काही ऊर्जा उष्णतेत व वायूत वाया जाते. त्यामुळे नऊ-दहा तास सहज लागतात. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा त्याआधीच लागला तरी त्यावर विसंबू नये.

२००५ नंतरची काही वर्षं आठवून पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांपर्यंत भारनियमन होतं. सकाळी वीज गेली, दुपारी आली, संध्याकाळी पुन्हा गेली. बॅटरी रोज उतरायची आणि रोज अर्धपोटी उठायची. त्या काळात बॅटऱ्या धडाधड का गेल्या याचं उत्तर या उपासमारीत आहे. आज भारनियमन तेवढं नाही, पण जिथे वीज वारंवार जाते-येते तिथे हेच घडतं.

उपाशी राहिलेल्या बॅटरीत होतं काय? प्लेटांवर बसलेलं सल्फेट ताजं असतं तोवर बारीक आणि विरघळणारं असतं. ते तसंच आठवडे-महिने राहिलं तर त्याचे टणक खडे बनतात. बोअरच्या पाण्याने बंबात क्षार धरतो ना, तसे. क्षार धरलेला बंब पाणी तापवायला जास्त वेळ घेतो, सल्फेट धरलेली बॅटरी चार्ज घेतच नाही. व्होल्टेज झरझर चढतं, चार्जरला वाटतं पोट भरलं, आणि वीज गेली की ते तितक्याच झरझर खाली येतं. ‘लवकर भरते आणि लवकर संपते’ हे आजारी बॅटरीचं सर्वांत ठळक लक्षण.

म्हणून दोन पथ्यं. पहिलं, शक्य तोवर बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये. दुसरं, उतरली तर त्याच दिवशी पूर्ण भरावी. यासाठी ओझं किती आहे ते माहीत हवं. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि एक टीव्ही असं मिळून २४० वॉट धरू. इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून साधारण २५ अँपिअर जातात. १५० भागिले २५, म्हणजे सहा तास, असं आपण म्हणतो. पण बॅटरीवर छापलेले १५० अँपिअर-तास बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने काढले तरच मिळतात. घाईने काढले की कमी मिळतात. जर्मनीच्या पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हा नियम मांडला. तेव्हा चार-साडेचार तासांत बॅटरी पार उतरेल. तिचं आयुष्य जपायचं तर दोन-सव्वादोन तासांनी टीव्ही बंद करून एका पंख्यावर यावं.

वायरीत हरवलेले व्होल्ट

बॅटरी चांगली आहे, चार्जरही चांगला आहे, तरी बॅटरी भरत नाही, असा प्रकार कधी कधी होतो. त्याचा उलगडा पाहायला आपण थोडं लांब, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथे सुटीत मोटारीमागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे तंबू, शेगडी आणि फ्रिज असलेला छोटा गाडा ओढत नेऊन रानात मुक्काम करायची मोठी हौस आहे. ट्रेलरमध्ये एक बॅटरी असते. तिच्यावर चालणारा फ्रिज दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-तास सहज खातो. मोटार चालू असताना पुढच्या इंजिनावरचा अल्टरनेटर मागच्या बॅटरीला चार्ज करणार, अशी योजना असते. आणि तरीही सहा-सहा तास गाडी चालवून मुक्कामी पोचावं, तर सकाळपर्यंत फ्रिज बंद आणि दूध-मांस खराब, हा अनुभव तिथल्या पुष्कळ जणांना येतो.

गोम वायरीत असते. इंजिनापासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सात मीटर अंतर धरा. प्रवाहाला जाऊन परत यायचं असतं, म्हणून वायर चौदा मीटर. ती सहा चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर तिचा रोध ०.०४ ओम होतो. २० अँपिअर वाहू लागले की वाटेतच ०.८ व्होल्ट हरवतात. पुढे १४.२ असले तरी मागे १३.४ पोचतात. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर जवळजवळ दोन व्होल्ट गडप होतात. मग मागच्या बॅटरीला मिळतो तो नुसता वास, जेवण नाही. बॅटरी जसजशी भरते तसा प्रवाह कमी होतो आणि ही घटही कमी होते हे खरं, पण तोवर मुक्काम आलेला असतो. त्यात नव्या मोटारींचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी पुढची बॅटरी भरली की आपलं व्होल्टेज स्वतःहून उतरवतात.

यावर दोन इलाज आहेत. एक, जाड वायर आणि घट्ट सांधे. दुसरा, ट्रेलरच्या बॅटरीजवळच बसवलेला डीसी-टू-डीसी चार्जर. तो मिळेल ते कमी व्होल्टेज घेतो, ते वाढवून १४.४ करतो आणि वर सांगितलेले तिन्ही टप्पे पाळतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. अशी चाकांवरची घरं आपल्याकडेही आली की त्यांच्या मालकांना हा धडा शिकावा लागणारच आहे.

पण घरातल्या इन्व्हर्टरलाही हा नियम तितकाच लागू आहे. ६०० वॉटचं ओझं असेल तर बॅटरीच्या वायरीतून साठाहून जास्त अँपिअर वाहतात. टर्मिनल ढिलं असेल, त्यावर पांढरा-हिरवा थर चढला असेल आणि तिथे ०.०१ ओम एवढाच रोध निर्माण झाला असेल, तरी त्या एका जागी छत्तीस वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कावी तेवढीच तापते. टर्मिनल वितळणं, वायरीचं आवरण काळं पडणं, कधी आग लागणं, यामागे बहुधा हाच सैल नट असतो. म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी यांमधली वायर कंपनीने दिली तेवढीच ठेवावी. बॅटरी गॅलरीत न्यायची म्हणून त्याच जाडीची वायर जोडून लांबवू नये.

पाणी, उष्णता आणि वायू

चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. पाणी कमी होतं ते यामुळे. आम्ल उडून जात नाही, म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आम्ल तर कधीच नाही. नळाचं, बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी नाही, आणि एसीतून ठिबकणारं पाणीही नको, कारण त्यात धूळ आणि धातूचे अंश येतात. झाकणावरचा तरंगता दर्शक खाली गेला की पाणी घालावं, पण शक्यतो बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी पातळी चढून आम्ल बाहेर येतं. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकं पाणी आधी घालावंच. दर महिन्याला पाणी फार लागू लागलं तर दोन शक्यता असतात. चार्जर जास्त व्होल्टेज देतो आहे, किंवा बॅटरी तापते आहे.

उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. वर दिलेले चार्जिंगचे आकडे पंचवीस अंश सेल्सिअसचे आहेत. त्यापुढे प्रत्येक अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन-तीन शतांश व्होल्ट कमी करायला हवेत. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बॅटरीच्या खोलीत चाळीस अंश असतील तर १४.४ ऐवजी १४च्या आसपास पुरे. चांगले चार्जर हे आपोआप करतात. आपल्या हातात आहे ते बॅटरी पश्चिमेच्या भिंतीपासून, पत्र्याच्या शेडपासून आणि उन्हापासून लांब ठेवणं.

आणि तिसरी गोष्ट हायड्रोजनची. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आपल्याकडे जिन्याखाली बॅटरी आणि शेजारी देवघर, तिथे समई आणि उदबत्ती, असं दृश्य नवं नाही. बंद कपाट, गॅसचं सिलिंडर, देवाचा दिवा यांपासून बॅटरी दूर, वारा खेळेल अशा जागी हवी. टर्मिनल आवळताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावं. पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. टर्मिनलवरचा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावा, तो आम्ल मारतो. त्या वेळी झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत जाता कामा नये. नट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. आम्ल डोळ्यांत उडालं तर दुसरं काही न करता किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावं.

गावाकडचं बंद घर

कोकणात किंवा घाटावर ज्यांचं घर वर्षातून दोनदाच उघडतं त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा. गणपती आटोपले, सामान बांधलं, आणि निघताना सवयीने मेन स्विच बंद केला. इन्व्हर्टरला वाटतं, वीज गेली. तो इमानेइतबारे बॅटरीतून वीज द्यायला लागतो. कुठे एखादा दिवा राहिलेला असतो, आणि काहीच नसलं तरी इन्व्हर्टर स्वतःसाठी थोडी वीज घेतोच. दोन-तीन दिवसांत बॅटरी पार उतरते आणि पुढे मे महिन्यापर्यंत तशीच पडून राहते. सात-आठ महिन्यांत सल्फेटचे खडे पक्के होतात. वर्षभरातून पंधरा दिवस वापरलेली बॅटरी दोन वर्षांत का गेली, याचं कोडं मालकाला सुटत नाही.

निघताना बॅटरी पूर्ण चार्ज करावी, इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करावा, मग मेन बंद करावा आणि शेवटी बॅटरीची एक वायर सोडवून ठेवावी. सुटी ठेवलेली बॅटरीही महिन्याला तीन ते पाच टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात थोडी जास्त. म्हणून दोन-तीन महिन्यांनी शेजाऱ्यांकरवी एक दिवस चार्ज करवून घ्यावी.

ज्यांच्याकडे दोन बॅटऱ्या जोडलेला चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर आहे त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. एक बॅटरी गेली म्हणून तिच्या जागी नवी आणि दुसरी जुनीच ठेवली, तर काटकसर अंगाशी येते. एका माळेत असल्याने दोघींतून प्रवाह सारखाच जातो. जुनी लवकर भरते आणि उकळत राहते, नवी मात्र अर्धपोटी राहते. बैलजोडीत एक बैल म्हातारा आणि एक तरणा जुंपला की दोघेही शिणतात, त्यातलाच हा प्रकार.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्या हलक्या असतात, पाणी लागत नाही, जवळजवळ पूर्ण उतरवल्या तरी चालतात. पण त्यांना वरची नाडीपरीक्षा लागू पडत नाही. त्यांचं व्होल्टेज बहुतेक वेळ तेराच्या आसपास स्थिर राहतं आणि अगदी अखेरीला कोसळतं, त्यामुळे ऐंशी टक्के भरलेली आणि चाळीस टक्के भरलेली यांतला फरक मीटरवर जवळपास दिसत नाही. शिवाय त्यांना त्यांच्यासाठी केलेलाच चार्जर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला नुसती बॅटरी बदलून लावू नये.

भिंतीवरची वही

मग नेमकं करायचं काय? महिन्यातून एकदा पाण्याची पातळी आणि टर्मिनल पाहावी. तीन महिन्यांतून एकदा विश्रांतीचं व्होल्टेज घ्यावं आणि चार्जिंगच्या अखेरचंही. बॅटरीशेजारी भिंतीवर एक छोटी वही टांगून त्यात तारीख, दोन्ही आकडे आणि किती पाणी घातलं ते लिहावं. एकटा आकडा फारसं बोलत नाही, आकड्यांची रांग बोलते. वर्षापूर्वी १२.५, मग १२.४, मग १२.२ अशी घसरण दिसली की आपल्याला सहा महिने आधी सूचना मिळते. ज्या घरात ऑक्सिजन काँसंट्रेटर किंवा नेब्युलायझर विजेवर चालतो, तिथे या सहा महिन्यांची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

आणि बॅटरीचे दिवस भरलेच, तर ती भंगारवाल्याला विकण्याआधी थोडं थांबा. इन्व्हर्टरची भरलेली बॅटरी पंचावन्न-साठ किलोंची असते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. नीट कारखान्यात गेलं तर हे शिसं जवळजवळ सगळं परत वापरता येतं. पण कुठल्यातरी वस्तीत, उघड्यावर, बॅटरी कुऱ्हाडीने फोडून आम्ल गटारात ओततात आणि शिसं चुलीवर वितळवतात, तेव्हा त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे आणि बॅटऱ्यांची अशी मोडतोड हे त्याचं एक मोठं कारण आहे. शिशाने मुलांच्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही.

जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आपल्या देशात २००१च्या नियमांनी विक्रेत्यांवर आणि उत्पादकांवर टाकली आणि २०२२च्या नव्या नियमांनी ती सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी उत्पादकांवर अधिक पक्की केली. म्हणून जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वळती करून घ्यावी आणि पावती मागावी. भंगारवाला दोनशे रुपये जास्त देईल. ते दोनशे रुपये कुणाच्या मुलाच्या वाट्याचे आहेत, याचा विचार मनाशी करावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)